आठशे बारा पानं

वाचनालयात माझं काम शिक्का मारायचं,
मत विचारायचं नाही.
पण हे पुस्तक परत करताना
कुणी गप्प राहतच नाही.

कोपरखैरण्यातल्या पिठाच्या गिरणीशेजारची आमची ही एक खोली.
तीन प्रती घेतल्या होत्या. एकीचा कणा
पहिल्याच महिन्यात मोडला, चारशेव्या पानावर.
आता ती दोघांना एकदम देता येते.
निमकर मॅडमनी चुकून मागचा अर्धा आधी नेला,
म्हणाल्या, असंच बरं वाटतं गं,
बॉम्ब कुठे आहे ते आधीच कळलेलं असतं,
मग माणसांकडे नीट बघता येतं.

शेडगेमामा कांदा-बटाटा मार्केटचे माथाडी,
रात्री गाड्या लागेपर्यंत गोण्यांवर बसून वाचतात.
"एक पान कमी करू नका म्हणावं त्याला.
एवढं ओझं, आणि गडी मधे टेकला नाही कुठे."
त्यांच्या प्रतीतून अजून
लसणाची सालं निघतात.

गोगटेबाईंनी पेन्सिलीनं मोजलंय:
'क्षणार्धात', एकशे सदतीस वेळा.
"एवढे क्षण अर्धे केले,
तरी पुस्तक हे एवढं?"

हॉस्टेलचा पोरगा काउंटरवर हसत सुटला.
"नायक खाडीपुलावरून उरणला
अकरा मिनिटांत, ताई! संध्याकाळी साडेसहाला!
हा माणूस तुर्भ्याला कधी अडकलेलाच नाही."
दुसऱ्या भागासाठी
पहिलं नाव त्यानंच नोंदवलं.

तस्नीम दळवीनं नव्वदाव्या पानात
बसचं तिकीट ठेवून परत केलं.
आठवड्यानं पुन्हा नेलं.
मी काही बोलले नाही. शिक्का मारला, तो उलटा पडला.

"त्या मुलाची आई सांदणं करते ना,
अगदी माझी खाला करते तशी,
झाकणाला फडकं बांधून.
मला वाटलं, ज्याला एवढं माहितीय
तो तिला पुढे कुठेतरी बोलू देईल.
शोधत राहिले. पोलीस येतात, तिला नेतात,
गॅस कुणी बंद केला
तेही लिहिलेलं नाही."
मग पिशवी खांद्याला लावता लावता,
जरा चिडून, स्वतःवरच:
"शेवट मात्र रात्री दोनपर्यंत जागून वाचला."

तांडेलकाका श्वानपथकातून निवृत्त झालेले.
ते पुस्तक घेऊन आले त्या दिवशी
चौघं मुद्दाम रेंगाळली.
तारेचा रंग बरोबर आहे का? खरंच असं असतं?
काकांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"भीती बरोबर लिहिलीय.
घाम नंतर येतो, आधी तोंड कोरडं पडतं,
ते त्याला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय.
बंदुका जास्त झाल्या. चालायचंच.
पण दोनशे चौदाव्या पानावर कुत्री आत जाते.
साखळी सोडतात, आणि ती जाते.
मग प्रकरण संपतं. पुढे दिल्ली, बैठक, नकाशे.
ती बाहेर आली का?"

कुणालाच आठवेना.
दोनदा वाचलेल्या शेडगेमामांनाही नाही.
गोगटेबाईंनी वही चाळली, मिटली.

"नावही नाही तिला," काका म्हणाले,
"मंत्र्याच्या ड्रायव्हरला आहे."

कुलूप लावायच्या आधी मी तिन्ही प्रती काढल्या.
एकीत, त्या पानाच्या समासात,
बारीक, कापऱ्या अक्षरात (गोगटेबाईंचं नव्हे)
लिहिलं होतं: चांदणी.

पुस्तकात लिहिल्यास दंड पाच रुपये,
पाटी माझ्याच हातची आहे.
खोडरबर ड्रॉवरमध्ये होतं. ड्रॉवर अडकतो,
मी फार ओढलाही नाही.

यादीत अजून सतरा जण.
उद्या घणसोलीच्या एक बाई ही प्रत नेणार आहेत.
फोनवर त्यांनी एवढंच विचारलं होतं,
फार मोठं आहे म्हणे,
मधेच सोडलं तर चालतं ना?